दीड व्होल्टवर जाऊ नका

ऊस भरात आला की शिराळा, वाळवा, कराडकडचे शेतकरी हातात बॅटरी घेऊनच माझ्या दुकानात येतात. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की मोटार चालू करायला अपरात्री उसात शिरावं लागतं. सापांची भीती पूर्वीपासूनच होती, आता बिबट्याचीही आहे. तक्रार बहुतेकांची एकच: "काका, मीटर लावून बघितलं. दीडाच्या आसपास दाखवतंय की. मग बॅटरी का लागंना?"

दाखवणारच. मल्टिमीटर सेलकडून जवळजवळ काही घेतच नाही. काहीही न मागणाऱ्या पाहुण्यासमोर कुणीही श्रीमंत दिसतो. परीक्षा करायची ती लोड टाकून. माझ्या टेबलावर त्यासाठी दहा ओहमचा, अर्ध्या वॅटचा एक रेझिस्टर असतो. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळतो. पेन्सिल सेलच्या दोन टोकांना तो लावायचा, त्यावरच मीटरच्या पिना धरायच्या आणि दहा सेकंद आकड्यावर नजर ठेवायची. साधारण १५० मिलिअँपियर करंट जातो. नवा सेल १.४ च्या वर टिकतो. १.२ ला आला तर बराच वापरलेला. १ च्या खाली घसरला तर बॅटरीतून काढावा. आकड्याइतकीच त्याची चालही बघावी. पिना धरल्याबरोबर आकडा खाली सरकायला लागला आणि थांबेचना, तर सेल आतून आटलाय. सेल जसा वापरात येतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढत जातो. लोड नसताना तो दिसत नाही, इतकंच.

जुन्या पितळी बॅटरीला मीटर लागायचा नाही. बल्ब पिवळा पडायचा, मग तांबूस, आणि बांधावरनं घर गाठेपर्यंत उजेड पुरेल का याचा अंदाज पोरांनाही यायचा. एलईडीनं उजेड भरपूर दिला, पण ही सूचना बंद केली. चांगल्या लिथियमच्या बॅटरीत सर्किट उजेड एकसारखा ठेवतं, सेल ४.२ व्होल्टवरून ३ च्या आसपास उतरला की पुरवठा तोडतं. लख्ख उजेड, आणि पुढच्या क्षणी काळोख. तिच्यावरचे चार्जिंगचे चार दिवेही पुष्कळदा व्होल्टेज बघूनच लागतात. मधला बराच काळ व्होल्टेज ३.७ च्या आगेमागे रेंगाळतं, म्हणून मधले दिवे तासन्‌तास हलत नाहीत आणि शेवटचे भराभर जातात. रात्री उसात जाणाऱ्याला मी दुसरी बॅटरी खिशात ठेवायलाच सांगतो.

उतरलेले सेल उन्हात ठेवायची आमच्याकडची रीत मात्र थोतांड नव्हे. रेडिओवर सांगली केंद्र लावणाऱ्या घरांत ती सगळ्यांना ठाऊक होती. उष्णतेनं आतली रासायनिक क्रिया वेग घेते, विश्रांतीही मिळते, आणि रेडिओ आणखी थोडा वेळ बोलतो. पण खर्च झालेलं जस्त काही परत येत नाही. उलट पातळ झालेला जस्ताचा डबा फुटून रस गळतो आणि स्प्रिंग खाऊन टाकतो.

मोबाइलवरून आलेली दुसरी युक्ती म्हणजे सेल टेबलावर उभा सोडायचा. उसळला तर संपला. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ही नीट तपासली. अल्कलाइन सेलमधल्या जस्ताचं ऑक्साइड होऊन ते घट्ट बांधलं जातं, त्यामुळं सेल उसळतो. पण निम्मी शक्ती शिल्लक असतानाच उसळी कमाल गाठते. म्हणजे सेल कोरा नाही, एवढंच कळलं. आणि आपल्या किराणा दुकानातला स्वस्त सेल बहुधा कार्बन-झिंकचा असतो. त्याची रचनाच वेगळी, त्याला ही परीक्षा लावूच नये.

बॅटरीतून काढलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात घाला, अजून काही महिने जातील; घड्याळाला करंट नावापुरताच लागतो. तोही संपत आला की सेकंदकाटा नऊच्या आसपास जागच्या जागी थरथरतो. तिथं त्याला वर चढायचं असतं.

इन्व्हर्टरची गोष्ट निराळी नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, सांगलीत कित्येक भाग दिवसचे दिवस अंधारात होते; तेव्हापासून गिऱ्हाईक बॅकअप किती, हे आधी विचारतं. पॅनेलवरचे टक्के बऱ्याच यंत्रांत व्होल्टेजवरूनच काढलेले असतात, आणि चार्जिंग बंद केल्याबरोबर मोजलेलं व्होल्टेज फुगलेलं असतं. चार-सहा तास थांबा, मग हायड्रोमीटर घ्या. ट्यूबलर बॅटरी भरलेली असेल तर सहाही कप्प्यांत ग्रॅव्हिटी १.२४० च्या जवळ हवी. पाच कप्पे १.२४० आणि एक १.१५० वर अडला असेल तर त्या एकानंच बॅकअप खाल्लाय. काही जण त्यात ॲसिड ओतून देतात. ग्रॅव्हिटी चढलेली दिसते, गिऱ्हाईक पैसे देतं, आणि वीज गेली की पंखा पूर्वीच्याच वेळेला बंद पडतो.