मॉमीच्या काठावर

लेकीकडे अमेरिकेत गेलात आणि ओहायोतलं टोलीडो जवळ असेल, तर मार्च-एप्रिलमध्ये मॉमी नदीचा काठ जरूर पाहा. इरी सरोवरातले वॉलआय मासे तेव्हा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर येतात, अगदी आपल्याकडच्या चढणीच्या माशांसारखे! डोळे मांजरासारखे चमकणारे.

पाणी इतकं गार, की बोटं बधिर व्हावीत. तरी काठावर ही गर्दी! गळाला शिसाचं वजन न् रंगीत रबरी शेपटी; ती तळाच्या गोट्यांवरून हळूहळू वाहू द्यायची.

नियम मात्र कडक हं. सूर्य मावळला की गळ आवरायचा. शिवाय गळ माशाच्या तोंडातच लागलेला हवा. बाहेरून अडकला तर मासा परत पाण्यात. माझ्या शेजारी उभ्या एका आजीबाईंना तीन तासांनी एकुलता एक मासा लागला, हातभर लांब. गळ पराजवळ रुतलेला. कुणी बघतही नव्हतं, पण बाईंनी तो निमूटपणे सोडला. जीव माझाच हळहळला!

जावईबापूंना दोन मिळाले. तिथे ब्रेडच्या चुऱ्यात तळतात, मी हळद-तिखट न् रवा लावला. काटे कमी, चव सौम्य. सुरमईची सर नाही, पण मुलांनी ताटं चाटूनपुसून साफ केली.