ऑस्टिनचे अडीच दिवस

अमेरिकेतली थंडी म्हटली की आपल्याकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे शिकागो नाहीतर न्यूयॉर्क येतं. ऑस्टिन त्यातलं नाही. टेक्सासची ही राजधानी उन्हाळ्याचं गाव आहे. अंगणात निवडुंग आणि घायपात, भर उन्हाळ्यात पारा ४० च्या आसपास, आणि हिवाळा असा की स्वेटर घालून दुपारी तळ्याकाठी फिरून यावं. ग्वाल्हेरहून आईने बरोबर दिलेली रजई आमच्याकडे कितीतरी दिवस कपाटाच्या वरच्या फळीवर पडून होती. लश्करातल्या जानेवारीपुढे इथली थंडी म्हणजे अगदीच गरीब.

घरंही उन्हासाठीच बांधलेली. लाकडी सांगाडा, वर विटांचा एक पदर, आणि पाण्याचे पाइप बऱ्याचदा माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून गेलेले. गोठण्याची भीती नसेल तर ते तिथेच सोयीचं पडतं. आमचं घर तर पूर्ण विजेवर: हीटर, शेगडी, गीझर, गॅरेजचं दार, सगळं. घर घेताना दलालाने ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर ध्रुवाकडची हवा थेट खाली टेक्सासवर उतरली. १४ तारखेला रविवार होता. संध्याकाळपासून बर्फ पडू लागला आणि सकाळपर्यंत शहरात सहा इंचांच्या वर साठला. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. आळीपाळीने जाईल, तासाभरात येईल, असा निरोप फोनवर होता. ती आली बुधवारी दुपारी.

मी इंजिनियर असल्यामुळे नंतर अहवाल वाचत बसलो, म्हणून हे थोडं सांगतो. इथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. वापर आणि उत्पादन यांचा तोल बरोबर असला की हा आकडा जागेवर राहतो. वापर वाढला किंवा उत्पादन घटलं की खाली येतो, जशी चढावर सायकल मंद होते. त्या रात्री घरोघरचे हीटर पूर्ण जोरात चालू होते आणि त्याच वेळी वीजकेंद्रं गारठून एकामागून एक बंद पडत होती. गॅसच्या विहिरी आणि वाहिन्या गोठल्या, काही ठिकाणी गॅस पुढे ढकलणाऱ्या यंत्रांचीच वीज कापली गेली, म्हणजे वीजकेंद्रांचा गॅस आणखी कमी. दोनच्या थोडं आधी आकडा ५९.४ च्या खाली घसरला आणि चार मिनिटांहून जास्त वेळ तिथेच राहिला. नऊ मिनिटं राहिला असता तर आणखी बरीच केंद्रं आपोआप सुटली असती आणि सगळी जाळी कोसळली असती. मग ती शून्यातून उभी करायला कित्येक आठवडे लागले असते. म्हणून सुमारे २० हजार मेगावॉटचा भार तोडला गेला. टेक्सासने आपली वीजजाळी देशाच्या इतर जाळ्यांपासून वेगळी ठेवलेली आहे, त्यामुळे शेजाऱ्यांकडून उसनी वीज घ्यायचीही फारशी सोय नव्हती.

आळीपाळी जमली नाही त्याचंही कारण आहे. ज्या वाहिन्यांवर इस्पितळं आणि तसल्या जरुरीच्या जागा आहेत त्या कापायच्या नसतात. त्या वगळल्यावर जे उरलं ते सगळंच कापावं लागलं, फिरवायला काही शिल्लक नव्हतं. आमची वस्ती त्या उरलेल्यांत. रात्री गच्चीतून पाहिलं तर मधल्या शहरातल्या रिकाम्या कचेऱ्यांच्या इमारती लखलखत होत्या. त्या वेळी मी मनात काय म्हटलं ते या मासिकात छापता येणार नाही.

सोमवारी संध्याकाळी घरात १२ अंश होते, मंगळवारी सकाळी ७. आमची लेक तेव्हा चार वर्षांची. बायकोने ठरवलं की सगळं घर विसरायचं आणि एकच खोली सांभाळायची. दक्षिणेची छोटी खोली निवडली, दाराखाली टॉवेल गुंडाळून लावले, खिडकीला चादरी ठोकल्या आणि आत सहलीचा तंबू उभारला. तंबूत गाद्या, गाद्यांवर आईची रजई. तिघांच्या अंगाच्या ऊबेवर तंबूत बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश जास्त राहत. लेकीला हा सगळा खेळच वाटत होता. दिवसा तंबूतून बाहेर यायलाच ती तयार नव्हती. रात्री मात्र तिचे हात गार लागले की आम्ही दोघं एकाच वेळी जागे व्हायचो.

गीझरच्या टाकीतलं पाणी सोमवारी दिवसभर गरम राहिलं. ते बाटल्यांत भरून पायाशी घेतलं. फ्रिजमधलं दूध आणि भाज्या मागच्या अंगणात ठेवल्या.

आईचा फोन दिवसातून चारदा यायचा. आमची रात्र म्हणजे तिची सकाळ. तिचं एकच पालुपद, "अरे, सिगडी पेटव ना! कोळसा मिळत नाही का तिथे?" कोळसा होता, मांस भाजायच्या चुलीचा पोताभर होता. पण तिच्या डोळ्यांपुढे लश्करातलं आमचं जुनं घर: जाड दगडी भिंती, वर उघडे झरोके, फटी असलेली दारं. तिथेही सिगडी आत घेऊन झोपलेल्या माणसांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. इथलं घर तर फटी बुजवून बांधलेलं, आणि उरल्या फटी आम्हीच टॉवेलांनी बंद केलेल्या. कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. त्या आठवड्यात ह्यूस्टनकडे कितीतरी कुटुंबं घरात कोळसा पेटवल्यामुळे किंवा गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवल्यामुळे इस्पितळात गेली, काही वाचली नाहीत. आईला हे पटवायला दोन फोन लागले. शेवटी बाबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "तू तुझ्या घराप्रमाणे कर. आणि पोरीच्या डोक्याला टोपी घाल." टोपी खरंच राहिली होती.

फोन चार्ज करायला गाडी हाताने दार उचलून बाहेर अंगणात काढावी लागे. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर कोणाकडे वीज आहे, कोणाकडे गॅसची शेगडी आहे, याची यादी फिरत होती. बोलावणी बरीच आली, पण रस्त्यावर काच पसरल्यासारखा बर्फ आणि शहराकडे मीठ टाकायच्या गाड्या मोजक्याच. शेवटी कामी आले पलीकडचे आजोबा. निवृत्त, सत्तरीच्या पुढचे, त्यांच्याकडे गॅसची शेगडी. तिची ठिणगी विजेवर, पण काडी ओढली की पेटते. मंगळवारी दुपारी मी कुकर घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि खिचडी लावली. शिट्टी झाली तसे ते दोन पावलं मागे सरकले. खिचडी मात्र दोनदा वाढून घेतली.

त्यांनीच विचारलं, पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे ते माहीत आहे का? रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकणाखाली असतो, तो फिरवायची लांब किल्ली लागते. ती त्यांच्याकडे होती. बुधवारी वीज आली, घर तापू लागलं आणि तासाभरात माळ्यावरचा पाइप फुटला. गोठताना तडकलेला, पण आतल्या बर्फानेच बुजलेला. त्या किल्लीमुळे एका खोलीच्या छतावर निभावलं. बऱ्याच जणांची घरं अशी वीज आल्यावर बुडाली.

त्याच दिवशी शहराने पाणी उकळून प्यायला सांगितलं. मग नळाचा दाबच गेला. संडासात टाकायला बादलीने बर्फ आणून वितळवत होतो. बादलीभर बर्फाचं जेमतेम दोन तांबे पाणी होतं. नळाचं पाणी पुन्हा तसंच प्यायला परवानगी मिळाली ती २३ तारखेला. राज्याच्या आरोग्य खात्याने पुढे मृतांचा आकडा २४६ दिला, त्यातले निम्म्याहून जास्त थंडीने गेले. वयस्कर माणसं बरीच. ते वाचल्यावर मी आजोबांच्या दुसऱ्या नंबराची चिठ्ठी फ्रिजवर लावली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा वीज गेली. या वेळी जाळी ठीक होती. पावसाचा बर्फ होऊन झाडांवर जाड थर बसला आणि फांद्या तारांवर पडल्या. रात्रभर बंदुकीसारखे आवाज येत होते. मागच्या ओसरीत सहलीचा छोटा स्टोव्ह पेटवला, चहा केला, आणि लेक स्वतःच तंबूची पिशवी ओढत घेऊन आली. आजोबांकडे डबा पोचवायला गेलो तर त्यांनी दारातच विचारलं, तो शिट्टीवाला भात आणलास का?