कमी मार्कांची पोरगी नर्स होऊ शकते का?

बारावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवस माझा फोन थांबत नाही. साखरशेत, जव्हार, मोखाडा, पार सूर्यमाळपासून फोन येतात. "ताई, पोरीला ४३ टक्के पडलेत. नर्सिंगला घेतील का?" बाप मार्क सांगताना आवाज असा खाली आणतो, जसं पोरीने काही गुन्हाच केलाय. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. पोस्ट मोठी आहे, पण घरात बारावीची पोरगी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मला स्वतःला बारावी आर्ट्सला ४४ टक्के होते. इंग्रजीत ४१. दिवाळी झाली की आईबाबा भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. मी आश्रमशाळेत होते म्हणून माझी शाळा टिकली. अकरावीत सहा महिने इंग्रजीला शिक्षकच नव्हते. घरात वारली, वर्गात मराठी आणि परीक्षेला इंग्रजी. हे रडगाणं नाही, फक्त ४४ हा आकडा कसा तयार होतो ते सांगतेय. आज मी जीएनएम आहे, सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स.

आता मुद्द्याचं. नर्सिंगला एकच दार नाही, तीन आहेत.

पहिलं एएनएम. दोन वर्षांचा कोर्स. बारावी आर्ट्सवालीलाही चालतो, वय १७ पूर्ण पाहिजे. उपकेंद्रावर ज्या सिस्टर लस देतात, गरोदर बायांची तपासणी करतात, त्या बहुतेक हाच कोर्स करून आलेल्या असतात.

दुसरं जीएनएम. तीन वर्षांचा. इंग्रजी विषय घेऊन बारावी आणि किमान ४० टक्के. सायन्स असेल तर उत्तम, पण सक्ती नाही. इंग्रजीत काठावर असाल तर त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा.

तिसरं बीएस्सी नर्सिंग. चार वर्षांचं. याला बारावी सायन्स लागतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून ४५ टक्के, आपल्या एसटीच्या पोरींना ४०. शिवाय राज्याची सीईटी द्यावी लागते.

म्हणजे ४३ टक्केवाली पोरगी बाहेर नाही, ती दारात उभी आहे. पण दारात उभं राहणं वेगळं आणि यादीत नाव लागणं वेगळं, हेही खरं. सरकारी कॉलेजच्या जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. एसटीला ७ टक्के जागा राखीव आहेत, तिथे आपली स्पर्धा आपल्यातच असते. म्हणून एकाच कॉलेजचं नाव भरून बसू नका. फॉर्ममध्ये जेवढे पर्याय भरता येतात तेवढे भरा, लांबची कॉलेजंसुद्धा. पोरगी तीन वर्षं नंदुरबारला राहिली तर काही बिघडत नाही.

आणि एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलीय. आपल्याकडे मार्कांपेक्षा कागद जास्त आडवा येतो. आमच्या पाड्यातल्या एका पोरीला ५८ टक्के होते. राखीव जागेला जात वैधता मागितली, ती हातात नव्हती. जागा गेली. त्याच वर्षी शेजारच्या पाड्यातल्या ४३ टक्केवालीला जीएनएम मिळालं, कारण तिच्या चुलत्याची वैधता आधीच झाली होती आणि तिने अकरावीतच अर्ज टाकला होता. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता प्रमाणपत्र वेगळं, हे निम्म्या घरांत माहीतच नसतं. वैधतेसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा असला तर काम सोपं होतं. पण आपला आजा शाळेतच गेला नव्हता, तर त्याचा दाखला आणायचा कुठून? म्हणून आधीच शोधाशोध करा. जुना सातबारा, जन्ममृत्यूची नोंद, बापाकडच्या कुणा नातेवाइकाची वैधता. हे काम निकालानंतरच्या पंधरा दिवसांत होत नाही.

फीचं म्हणाल तर घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर एसटीच्या पोरींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पण व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली तरी ती मिळेलच असं धरून चालू नका. पैसे भरण्याआधी जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात विचारा.

आता एजंट लोकांचं. कमी मार्कांच्या पोरींची यादी यांना कुठून मिळते कोण जाणे. माझ्याही घरी एक जण आला होता. "एका वर्षात नर्स, मार्क बघत नाही, ऐंशी हजार." बाबांनी बैलजोडी विकायची बोलणी सुरू केली होती. आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, "नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, एवढंच विचार त्याला." विचारलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन लागेना. बैल वाचले. लक्षात ठेवा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी झाल्याशिवाय कुणी नर्स होत नाही. सहा महिन्यांच्या, वर्षभराच्या कोर्सवर ती नोंदणी मिळत नाही. मग पोरगी शहरातल्या एखाद्या खासगी दवाखान्यात नर्सचा ड्रेस घालून आयाचं काम करते, तेही निम्म्या पगारात.

पोरींनो, आता तुमच्याशी. प्रवेश कमी मार्कांवर मिळेल, पण पुढचं काम कमी मार्कांवर भागत नाही. पाच मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम असं औषध आहे, बाळाला ७५ मिलिग्रॅम द्यायचंय, तर किती मिली? तीन. हे उत्तर रात्री तीन वाजता, बाळ तापाने फणफणलेलं असताना, आई रडत असताना बरोबरच आलं पाहिजे. तिथे पस्तीसला पास नसतं. मी पहिल्या वर्षी रोज रात्री डिक्शनरी घेऊन बसायचे, एका पानाला दोन तास लागायचे. शरीराच्या भागांची नावं भिंतीवर लिहिली होती. दुसऱ्या वर्षी जमायला लागलं. तुम्हालाही जमेल, पण आपोआप नाही.

आणि जे मार्कशीटवर येत नाही ते तुमच्याकडे आधीच आहे. बाळंतीण कळा देताना मराठीत बोलत नाही, ती वारलीत, कोकणीत, कातकरी बोलीत ओरडते. काय दुखतंय, कधीपासून, पाड्यावर कुणी काय जडीबुटी दिली, हे ती बाहेरच्या सिस्टरला सांगायला लाजते. माझ्याशी बोलते. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये आपला जव्हार तालुका देशभर माहीत झाला. तेव्हापासून योजना पुष्कळ आल्या. पण आदिवासी भागात ३,००० माणसांमागे एक उपकेंद्र हा नियम कागदावर असून भागत नाही. तिथे राहणारी, बोली समजणारी सिस्टर लागते. बाहेरून आलेली बदलीची वाट बघते, त्यात तिचाही दोष नाही, तिचं घर लांब असतं. आपली पोरगी इथलीच.

म्हणून आपल्या सरपंचांना, पंचायत समितीच्या सदस्यांना आणि आमदार साहेबांना दोन मागण्या करू. एक, प्रत्येक आश्रमशाळेत आणि ज्युनिअर कॉलेजात अकरावीलाच जात वैधतेचं शिबिर लागलं पाहिजे. दोन, नर्सिंगला जाणाऱ्या पोरींसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्रजी आणि सीईटीचा वर्ग जव्हार-मोखाड्यातच सुरू व्हावा. यासाठी नवी इमारत लागत नाही. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. कसा लिहायचा ते अडलं तर मला विचारा, मी लिहून देईन.