राजवाड्यामागचं घर

आमचं इंदूरचं घर राजवाड्याच्या मागच्या बाजूला, सराफ्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत आहे. आहे म्हणायचं, पण आता ते विकायचं ठरलं आहे. आईला जिने चढवत नाहीत आणि आम्ही दोघे भाऊ दोन देशांत. गेल्या डिसेंबरात कागदपत्रांसाठी गेलो, तेव्हा कॉलेजला सुट्टी होती म्हणून मुलगीही बरोबर आली.

तिचं हे शेवटचं वर्ष. विषय क्लासिक्स आणि पुरातत्त्व, म्हणजे ग्रीक, लॅटिन आणि उत्खनन. खरं सांगतो, मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं की मी "इतिहासासारखंच काहीतरी" म्हणून विषय बदलत असे. बाकीच्यांची मुलं कॉम्प्युटर नाहीतर मेडिकलला, आणि आमची एका उन्हाळ्यात सहा आठवडे मातीत बसून खापरं धूत होती. यंदा तिच्या प्रबंधाला विभागाचं बक्षीस मिळालं, तेही मी घरच्या ग्रुपवर दोन दिवसांनी टाकलं.

पहिल्याच सकाळी पोहे-जिलेबी खाऊन आम्ही राजवाड्यासमोर उभे राहिलो. सात मजले, खालचे दगडी, वरचे लाकडी, आणि ते अजस्र दार. लहानपणापासून मी त्याच्याकडे एकच एक वस्तू म्हणून बघत आलोय. हिने विचारलं, "बाबा, यातलं नक्की किती जुनं आहे?"

मी ऐटीत १७४७ सांगितलं. मल्हारराव होळकरांनी तेव्हा काम सुरू केलं, हे इंदूरच्या कुठल्याही पोराला पाठ असतं. पण पुढचं सांगताना माझी मलाच गंमत वाटायला लागली. १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं, जाळलं, त्यात वाडाही गेला. मग तात्या जोगांच्या कारभारात तो पुन्हा उभा राहिला. १९८४ च्या दंगलीत मागचा भाग पुन्हा जळाला, आणि आज आत दिसतं ते बरंचसं बांधकाम उषाराजे होळकरांच्या पुढाकाराने या शतकात झालेलं, चुना, वीट, दगड अशा जुन्या साहित्यात. ती मान वर करून दगड कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं ते बघत राहिली. म्हणाली, उत्खननात काळ्या राखेचा थर लागला की आम्ही खूश होतो, कारण जळालेलं टिकतं आणि त्याचा काळ काढता येतो. राजवाड्याबद्दल असं बोललेलं मला अजिबात आवडलं नाही.

रात्री तिने हाच विषय आजीपुढे काढला. "आजी, तू पाहिलीस ती आग?" मी तेव्हा चौथीत होतो. मला कर्फ्यू आठवतो आणि शाळा बंद होती त्याचा आनंद आठवतो. आईने मात्र सांगितलं की ठिणग्या आपल्या गच्चीवर येतील या भीतीने तिने आणि शेजारच्या काकूंनी गोधड्या ओल्या करून कठड्यावर टाकल्या, आणि रात्रभर दोघी तिथेच बसून राहिल्या. चाळीस वर्षांत हे माझ्या कानावर आलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मुलीने फोनवर सगळं रेकॉर्ड केलं, मध्येच थांबवून "वारा कुठून होता?" असंही विचारलं. आईला ते आठवत होतं.

मग आजीने नातीला उलट विचारलं, "आणि तुझं ते ग्रीक कशासाठी गं?"

तिचा प्रबंध 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकावर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तकडून समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्या कुणा अनामिकाने लिहिलेली ही बंदरांची माहिती. कुठे नांगर टाकावा, कुठे काय विकावं, काय घ्यावं. त्यात बॅरिगाझा म्हणजे आपलं भडोच येतं, आणि त्याच्या पूर्वेला ओझेनी नावाचं शहर, पूर्वीची राजधानी, जिथून अकीकासारखे दगड, मलमल आणि भरपूर साधं कापड बंदरावर उतरतं. ओझेनी म्हणजे उज्जयिनी! आईचं माहेर उज्जैनचं. ती एकदम सरसावून बसली. "म्हणजे आमच्या गावचं नाव त्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय?" आणि मग माझ्याकडे वळून, "तू तर म्हणालास इतिहासासारखं काहीतरी शिकते!"

आता आईला चेव चढला. उज्जैनच्या वाकणकरांचं नाव तिनेच काढलं. विष्णु श्रीधर वाकणकर, जन्म १९१९, नीमचचे, मराठी घरातले. १९५७ मध्ये भोपाळकडे जाताना रेल्वेतून डोंगरातले चमत्कारिक खडक दिसले म्हणून ते शोधत गेले आणि भीमबेटकाची चित्रं जगापुढे आली. १९७५ मध्ये पद्मश्री, आणि २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा यादीत. मुलीला ते माहीत होते, पण वेगळ्या कारणाने. उज्जैनजवळच्या कायथ्याला त्यांनी १९६४ मध्ये ताम्रपाषाण वस्ती शोधली, तिचा काळ चार हजार वर्षांहून मागे जातो. तिच्या पुस्तकातलं कायथा आणि आजीच्या माहेरच्या वाटेवरचं कायथा एकच, हे दोघींनाही त्या रात्री कळलं.

एक दिवस महेश्वरलाही जाऊन आलो. अहिल्याबाईंचा घाट मी पन्नासदा पाहिलाय. नावेतून पलीकडच्या नावडातोडीला मात्र कधी गेलो नव्हतो. तिथे हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ पासून उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मातीकुडाची घरं आणि लाल भांड्यांवरची काळी नक्षी तिथेच सापडली. गहू, मसूर, नंतर तांदूळ असं जळकं धान्यही मिळालं. आज तिथे बघायला विशेष काही नाही. ती तरी टेकाडावर तासभर फिरली आणि मी सावली शोधून बसलो.

संध्याकाळी सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना मी म्हटलं, हे आमचं माळव्याचं पुरातन खाणं. तिने तोंडातला घास संपवला आणि सांगितलं की मका अमेरिकेतून आलाय, कोलंबसानंतर. नावडातोडीत तो मिळणं शक्य नाही. शेजारच्या टेबलावरचे एक काका मोठ्याने हसले, "भिया, पोरगी हुशार आहे!" घरच्या ग्रुपवर त्याच रात्री मी तिच्या बक्षिसाचा फोटो पुन्हा टाकला, या वेळी प्रबंधाच्या पूर्ण नावासकट.

निघायच्या आदल्या दिवशी मला दलालाकडे जायचं होतं. परत आलो तर माजघरातलं सामान एका बाजूला सारलेलं, जमिनीवर आलेखाचा कागद. घर पाडण्याआधी त्याचा नकाशा करून ठेवायचा, कुठल्या कोनाड्यात काय असायचं ते लिहायचं, असं तिचं चाललं होतं. आई स्टुलावर बसून मोजपट्टीचं दुसरं टोक धरून होती. मला बघून म्हणाली, "चपला काढ आणि ये. देवघराची भिंत राहिली आहे."