सुखाची मर्यादा



दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये आनंदाचा अभ्यासक्रम सुरू झाला. नर्सरी ते आठवीसाठी, आणि त्याला परीक्षा नव्हती. आनंदालाही आता तास लागतो, असं वाटून तेव्हा हसू आलं होतं. पण रविवारच्या पाठशाळेत परिग्रहपरिमाण शिकवताना आपण तरी वेगळं काय करतो?

माझ्या आईच्या पिढीत वर्षाचं धान्य भरलं, पापड-सांडगे वाळले, की बाई सुखी. आमच्या वेळी गॅस, मग मिक्सर, मग फ्रिज. यंदा मुलांना ‘सुख म्हणजे काय’ हे वहीत लिहायला सांगितलं. बहुतेकांनी मोबाईल लिहिला, एकानं ‘गणिताचा पेपर पुढे ढकलणं’.

मी कॉमर्सची. त्यामुळे घटत्या उपयोगितेचा नियम लाडवांवरून समजावला. पहिला लाडू गोड, चौथा नको होतो. मुलांना पटलं. पण माणसाच्या गरजा अमर्याद असतात, हेही अर्थशास्त्राच्याच पुस्तकात आहे. लाडू नको झाला की मन चिवड्याकडे जातं. तिथे व्रत कामाला येतं. क्षेत्र, वास्तू, धन, धान्य, सगळ्याची मर्यादा पोट भरण्याआधीच आपण ठरवायची.

तेव्हा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी कसली मर्यादा करायची?”

ममत्व हाच खरा परिग्रह, रिकाम्या हातांनाही तो असू शकतो, हे उत्तर शास्त्राला धरून आहे. पण तिच्या घरची ओढाताण मला ठाऊक आहे. तिला एवढंच सांगणं मला बरं वाटेना. म्हणून स्पष्ट म्हटलं, की हे अणुव्रत आहे, गृहस्थाचं. सर्व सोडणं हे मुनींचं महाव्रत. गृहस्थानं न्यायानं कमवावं, घरात धान्य असावं, मुलांच्या फिया भराव्यात. अभावाला संतोष म्हणायला शिकवणं मला तरी पटत नाही, आणि आपल्या प्रवचनांत हा फरक क्वचितच कुणी सांगतं.

चातुर्मासासाठी मुलांनी चिठ्ठ्या लिहिल्या. चपलांचे दोनच जोड, मोबाईल अर्धाच तास. तिला म्हटलं, “तू पहिला पगार झाल्यावर लिही.”

“मग रात्री न जेवण्याचं लिहू का, बाई? ते आत्ता जमेल.”

लिही म्हटलं.