कोर्लईची ‘आपली भाषा’

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मराठीचे तीन प्राध्यापक रेवदंड्याला गेलो, ते भग्नावशेष पाहण्यासाठी. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी १५२१ पासून आपले ठाणे उभारले. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांमधून छप्पर हरवलेल्या चर्चच्या भिंती, सातखणी मनोरा असे अवचित सामोरे येतात. इथला इतिहास केव्हाच संपला, असे एकमेकांना सांगत आम्ही पूल ओलांडून खाडीपलीकडच्या कोर्लईला निघालो.

कोर्लईचा डोंगर पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये जिंकला; १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. सत्ता गेली, परंतु पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत भाषा राहिली. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज, क्रियापद मात्र मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आम्ही मात्र वर्षानुवर्षे भाषासंपर्क शिकवताना चावी, पगार आणि बिजागरी या तीन शब्दांच्या पुढे गेलो नव्हतो.

एका अंगणात सुकट वाळत होती. आजीबाईंनी आम्हांला पाणी दिले, कुठून आलात म्हणून मराठीत विचारपूस केली. मग दारात उभ्या असलेल्या नातवाला त्यांनी आपल्या भाषेत काहीतरी सांगितले. नातवाने उत्तर दिले ते मराठीत.

“समजतं याला सगळं, पण बोलत नाय,” आजीबाई म्हणाल्या. “शाळा मराठी, बाजार मराठी. आमची बोलून काय करणार?”

हे वाक्य आमच्या परिचयाचे होते. दर जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळी, आमच्या विभागाच्या दारातून विद्यार्थी परत फिरतात तेव्हा त्यांचे पालक आम्हांला हेच ऐकवतात: मराठी घेऊन काय करणार? त्यावर आम्ही लेख लिहिले आहेत, परिसंवादांत तळमळीने बोललो आहोत. त्या साऱ्या बोलण्यात मराठी ही सोसणारी भाषा होती. कोर्लईच्या अंगणात तेच वाक्य उच्चारले गेले तेव्हा बलवान भाषा मराठी होती, आणि तिच्यावर पगार घेणारे आम्ही हातात पाण्याचा पेला धरून उभे होतो. तिघांपैकी कोणालाही उत्तर सुचले नाही.

परतीच्या वाटेवर फारसे बोलणे झाले नाही. सुट्टी संपल्यावर भाषासंपर्काच्या पहिल्या तासाला आम्ही फळ्यावर काहीच लिहिले नाही. वर्गाला एवढेच विचारले: तुमची आजी कोणत्या बोलीत हाक मारते, आणि तुम्ही ओ कोणत्या भाषेत देता? आगरी, वारली, अहिराणी, अशी नावे दबक्या आवाजात येऊ लागली. इतकी वर्षे ती आमच्यासमोरच बसलेली होती.