रिळाचा रंग

सराफाच्या पेढीवर होत नाही एवढी चिकित्सा आमच्या चाळीसगावात शिवणाच्या सामानाच्या दुकानी एका रिळासाठी होते. साडीला फॉल लावायला निघालेली बाई कापडाचा तुकडा पुढे करते. दुकानदार रिळामागून रीळ काढतो; पण दिव्याच्या उजेडावर दोघांचाही विश्वास बसत नाही, आणि अखेर निवाड्यासाठी मंडळी पायरीवर उन्हात येतात. तेथे तो दोऱ्याचा एकच पदर सोडून कापडावर आडवा धरतो. रिळावर गुंडाळलेला दोरा गडद दिसतो, एकेरी झाला की फिका पडतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आकड्यांचीही येथे मोठी मौज आहे. ८४० यार्डांच्या जितक्या लडी एका पौंडात बसतात, तितका सुताचा नंबर. म्हणून ४० नंबरापेक्षा ६० नंबरचे सूत बारीक. हातसुईचेही तसेच, नंबर वाढला की ती नाजूक होते. शिवणयंत्राची सुई मात्र १४ची १८ झाली की जाड!

आई गेल्यावर तिचा शिवणाचा डबा मी उघडला. प्रत्येक रिळाला कापडाचा एकेक तुकडा टाचलेला होता: वडिलांच्या कोटाचा, माझ्या शाळेच्या सदऱ्याचा, बहिणीच्या परकराचा. ते कपडे केव्हाच गेले. त्यांवर तिने घातलेला एकही टाका मला आठवत नाही. तो कोणाच्या दृष्टीस पडू नये, एवढ्यासाठीच तर ती दुकानाच्या पायरीवर येऊन रंग पारखीत असे.